मान्यतेस्तव सादर : इंदापूर, सुपे आणि सरकारी गद्याचे अर्धशतक

साहित्याच्या वर्गात आपण कादंबरी वाचतो, बखर वाचतो, प्रवासवर्णने आणि पत्रव्यवहारही वाचतो. राज्यकर्त्याने निर्णय घ्यावा म्हणून त्याच्यासमोर जी टिप्पणी ठेवली जाते, तिच्याकडे मात्र गद्याचा एक प्रकार म्हणून आपण क्वचितच पाहतो. वस्तुतः या प्रकाराचा घाट ठरलेला आहे. आधी पार्श्वभूमी, मग प्रश्न, मग पर्याय, त्यांचा आर्थिक भार आणि अखेरीस 'मान्यतेस्तव सादर'. लिहिणारा बहुधा अनामिक असतो, वाचणारा घाईत असतो आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे तो या दोघांच्या मध्ये कोठेच नसतो. अशा लेखनाने माणसे गाव सोडून जातात किंवा गावात टिकतात. एवढे सामर्थ्य आपल्या अभ्यासक्रमातल्या किती पुस्तकांना लाभले आहे?

या प्रकाराचा इतिहास पाहायचा तर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा आम्हाला दिसत नाही. एक इंदापूर आणि दुसरा बारामती. हा दुसरा भाग एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात मोडे. आजच्या अर्थाचे मंत्री मुंबई इलाख्यात १९२१ च्या सुधारणांनंतर आले. त्यापूर्वी निर्णय गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल घेत असे. मात्र त्यांच्या टेबलावर जाणाऱ्या अहवालांचा घाट आजच्या टिप्पणीचा पूर्वजच होता. १८२८ ते १८७९ या काळात या अवर्षणग्रस्त पट्ट्याविषयी असे अनेक अहवाल लिहिले गेले. त्यांतील तीन येथे वाचू. तिन्ही प्रामाणिकपणे लिहिलेले आहेत आणि म्हणूनच वाचण्याजोगे आहेत. अप्रामाणिक कागदाचा दोष सहज सापडतो, प्रामाणिक कागदाचा शोधावा लागतो.

पहिला अहवाल रॉबर्ट कीथ प्रिंगल यांचा. कंपनीच्या नोकरांना घडवणाऱ्या हेलिबरी येथील महाविद्यालयात त्यांनी माल्थस यांच्याकडे अर्थशास्त्राचे धडे घेतले होते. पेशवाई संपून दहा वर्षेही झाली नव्हती आणि जुन्या दप्तरांतील आकार नव्या सरकारला बेभरवशाचे वाटत होते. प्रिंगल यांनी प्रश्न मांडला तो असा : प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न किती? एकूण पिकातून बी-बियाणे, बैल, मजुरी आणि लावलेल्या भांडवलाचा नफा वजा केला की जे उरते तोच खरा खंड. त्याचा ५५ टक्के भाग सरकारने घ्यावा. १८२८ च्या अहवालातील ही मांडणी आजही वाचकाला जिंकते. तिच्यात लहर नाही, जुलमाची भाषा नाही, एक सिद्धान्त आहे आणि त्यातून पायरीपायरीने निघणारे गणित आहे. दूर बसलेल्या गव्हर्नरला अशा कागदावर सही करताना संकोच वाटण्याचे कारण नव्हते.

अडचण गणितात नव्हती, गणितात भरलेल्या आकड्यांत होती. शेताशेताचे पीक आणि खर्च एकट्या इंग्रज अधिकाऱ्याला कळणे शक्य नव्हते. ते आकडे खालच्या कारकुनांकडून आणि गावच्या दप्तरांतून येत. तेथे अंदाज, भीड, भीती आणि लाच या सर्वांची भेसळ होई. गावात अंदाज म्हणून सांगितलेला आकडा तक्त्यात आला की माप होई आणि पुण्याहून मुंबईला पोचेपर्यंत सत्य होई. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली आणि १८३२ नंतर धान्याचे भाव कोसळले. बाकी साचली आणि वसुलीसाठी छळ झाला. पुढे १८७२-७३ च्या प्रशासन अहवालात मुंबई सरकारनेच कबूल केले की या काळात रयतेला यातना दिल्या गेल्या, माणसे घरदार सोडून शेजारच्या संस्थानांत पळाली आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कसणारांच्या हाती राहिला. म्हणजे सत्य अखेर सरकारी कागदातच आले, पण चाळीस वर्षे उशिरा. ज्यांनी गाव सोडले होते त्यांच्या उपयोगाला ते आले नाही.

दुसरा अहवाल याच पडझडीतून जन्मला. १८३५ साली हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा विशी ओलांडलेला सनदी अधिकारी इंदापूर तालुक्यात आला. त्याच्यासोबत इंजिनिअर दलातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट होता. दोघांनी नव्याने मोजणी आणि प्रतबंदी सुरू केली. मुंबई इलाख्याची पुढील शंभर वर्षांची रयतवारी जमाबंदी इंदापूरच्या या माळरानावर आकाराला आली. तिचे नियम १८४७ च्या 'संयुक्त अहवाला'त एकत्र झाले.

या अहवालातील महत्त्वाचा बदल आम्हाला प्रश्नाच्या रचनेत दिसतो. निव्वळ उत्पन्न किती, हा प्रश्न लेखकांनी सोडूनच दिला. ते अचूक मोजता येत नाही हे त्यांनी मान्य केले. त्याऐवजी त्यांनी मोजता येण्याजोग्या गोष्टी मोजल्या. मातीचा पोत आणि खोली पाहून जमिनीच्या ९ प्रती ठरवल्या. सर्वांत खोल माती पावणेदोन हात, सर्वांत उथळ पाव हात; पहिल्या प्रतीचे मोल १६ आणे, शेवटच्या प्रतीचे २ आणे. यातून एका शेताचे दुसऱ्या शेताशी असलेले प्रमाण तेवढे ठरे. प्रत्यक्ष दर ठरवताना पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर आणि मागील वर्षांत रयतेने खरोखर किती सारा भरला होता याचा इतिहास पाहिला जाई. आकार हलका ठेवला आणि तो ३० वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. 'हे आम्हाला कळत नाही' असे राज्यकर्त्याला सांगण्याची हिंमत सरकारी गद्यात दुर्मीळ असते. इंदापूरची पड जमीन पुन्हा नांगराखाली आली त्यामागे ही हिंमत होती, असे आम्ही मानतो.

परंतु चांगल्या कागदाचेही पुढे सूत्र बनते. ३० वर्षांची मुदत संपली आणि १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. फेरआकारणीच्या अहवालांची एक ठरावीक रीत होती. लोकसंख्या, गाड्या, नांगर, विहिरी यांची जुन्या आकड्यांशी तुलना करायची, भाव किती चढले ते दाखवायचे आणि समृद्धीचा निष्कर्ष काढायचा. आकडे खोटे नव्हते. पण अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने कापसाला आणि त्यामागोमाग सर्वच मालाला जो भाव आला होता, तो पाहुणा होता. तक्त्याने त्याला घरचा माणूस ठरवले. भाव उतरले तरी सारा उतरला नाही. अनेक ठिकाणी तो ५० ते १०० टक्क्यांनी वाढला होता. पुण्यात १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये उपसमिती नेमून आपला अहवाल सिद्ध केला. राज्यकर्त्यांच्याच घाटात, त्यांच्याच भाषेत, पण दुसऱ्या बाजूने लिहिलेली ही टिप्पणी होय. १८७४ च्या ऑक्टोबरात सरकारने वाढीवर मर्यादा घातली : तालुक्याला ३३, गावाला ६६ आणि एका खातेदाराला १०० टक्क्यांहून अधिक वाढ नको. उपाय आला, पण मधल्या काळात सारा भरण्यासाठी ज्याने कर्ज काढले त्याचे खत सावकाराच्या पेटीत जाऊन पडले होते.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारी रयतेने सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. हे गाव तेव्हा भीमथडीत होते, आज बारामती तालुक्यात आहे. जमावाची मुख्य मागणी वह्या आणि खते यांची होती. ती मिळाली की जाळली गेली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी कागदाची सत्ता किती अचूक ओळखली होती!

तिसरा अहवाल या दंग्याचा. १८५७ ची आठवण ताजी असलेल्या हिंदुस्थान सरकारने आग्रह धरला म्हणून मुंबई सरकारने आयोग नेमला. आयोगाने जबान्या घेतल्या, कर्जाचे व्यवहार तपासले, भावांचे तक्ते जोडले. दख्खनच्या ग्रामीण जीवनाविषयी इतकी माहिती देणारे दुसरे साधन त्या काळात क्वचितच सापडेल. मात्र सरकारी सारा हे दंग्याचे कारण आहे काय, या प्रश्नावर आयोगाचा निर्णय असा झाला की नाही, दोष सावकारीचा. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र स्वतंत्र टिपण लिहून वाढीव आकारणीवरही बोट ठेवले.

येथे वाचकाने थांबावे. 'सारा की सावकार' असा पर्याय मांडला की उत्तर अर्धे ठरते. रयतेच्या अनुभवात हे दोन वेगळे नव्हते. सारा रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा, म्हणून सावकाराकडे जायचे. जमीन विकता येण्याजोगी झाली, म्हणून सावकार तिच्यावर कर्ज देणार. खत झाले, म्हणून दिवाणी न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देणार. ही साखळी सरकारला ठाऊक नव्हती असेही नाही. खुद्द विंगेट यांनी १८५२ मध्येच, न्यायालयांनी सावकाराच्या हाती केवढे बळ दिले आहे याविषयी लिहून ठेवले होते. जमीन हस्तांतरणीय करणाऱ्या व्यवस्थेच्या कर्त्यानेच तिच्या परिणामाचा इशारा दिला आणि तो फायलीत २३ वर्षे पडून राहिला. लेखक इशारा देऊ शकतो, वाचणाऱ्याला वाचायला लावू शकत नाही. या गद्यप्रकाराची ही सर्वांत मोठी मर्यादा आहे.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की आयोगाचा कागद वाया गेला नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी होणाऱ्या अटकेपासून शेतकऱ्याला संरक्षण दिले. लिहिलेले म्हणजेच खरे, हे गृहीतक कायद्यानेच सैल केले. सारा मात्र या चर्चेतून सुटला. रविंदर कुमार यांनी १९६८ मध्ये या दंग्यात ग्रामसमाजातील खोल उलथापालथ पाहिली, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये दंग्याचे महत्त्व अतिरंजित असल्याचे म्हटले. दोघांनाही आयोगाच्या त्याच अहवालावर टेकावे लागले, हे विसरून चालणार नाही. सुप्याचा शेतकरी आपल्यापर्यंत पोचतो तो मराठीतून बोलत, पण इंग्रजीत नोंदला जाऊन.

याच पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांच्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी शिक्षणाविषयी इंग्रजीत निवेदन दिले. ते मुद्देसूद, संयत आणि आयोगाला पेलेल असे आहे. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध झाला. तेथे सारा, सावकार, कुलकर्णी, न्यायालय आणि गोरा अंमलदार ही सर्व मंडळी एकाच शेतकऱ्याच्या अंगणात उभी आहेत. दोन्ही लेखन एकाच हाताचे आहे. आयोगाने जे सुटे केले ते असूडकारांनी पुन्हा जोडले आणि त्यासाठी त्यांना टिप्पणीचा घाट मोडावा लागला. असूडाची भाषा भडक आहे असे म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या थंड भाषेच्या शेजारी लिहिली गेली हे पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

गोल्डस्मिड यांच्या स्मरणार्थ १८६५ साली इंदापूर तालुक्यात डिकसळ येथे, जेथून मोजणी सुरू झाली त्या परिसरात, वर्गणीतून धर्मशाळा उभी राहिली. एका अहवालकर्त्याला असा मान क्वचितच मिळतो आणि त्यांनी तो कमावला होता. सुप्याला जे कागद जळले त्यांचे स्मारक नाही. आमच्या शिक्षक मित्रांना आम्ही एवढेच सुचवू : एखाद्या तासाला १८४७ च्या संयुक्त अहवालाचे दोन परिच्छेद, आयोगाच्या अहवालाचे दोन आणि असूडाचे दोन विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येकाबाबत विचारावे की येथे प्रश्न कोणी ठरवला. ज्यांना पुढे कार्यालयात बसून 'मान्यतेस्तव सादर' लिहावे लागणार आहे, असे काहीजण त्या वर्गात नक्कीच असतील.