मापाची साक्ष

पाचवीच्या चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होतो. भूमितीचा साधा प्रश्न होता. दिलेल्या रेषाखंडाची लांबी पट्टीने मोजून लिहा. उत्तरसूचीत ६ सेंटिमीटर होते. वर्गातल्या बहुतेक मुलांनी ५.७ लिहिले होते, आणि मी लाल शाईने एकामागून एक फुल्या मारत गेलो. पेपर वाटल्यावर एक मुलगी प्रश्नपत्रिका आणि आपली प्लास्टिकची पट्टी घेऊन टेबलाजवळ आली. म्हणाली, "सर, आप खुद नाप लीजिए."

मी मोजले. ५.७ भरले.

चूक कोणाचीच नव्हती आणि तरीही शिक्षा मुलांना झाली होती. संगणकावर रेघ ६ सेंटिमीटरचीच काढलेली होती. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला आणि सारे पान ९५ टक्के झाले. चौकट आखडली, अक्षरे आखडली, रेघही आखडली. सगळेच एका प्रमाणात लहान झाल्यामुळे डोळ्यांना काही कळले नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे मोजले त्यांचे गुण गेले. अंदाजाने ६ लिहिणारे दोघे-तिघे पास झाले. गुण मी दुरुस्त केले, पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्या कागदावर खरे सांगणारा साक्षीदारच नव्हता.

मी उर्दू माध्यमाचा शिक्षक. मुलांच्या अक्षरवळणाचा तास माझ्याकडे असतो. म्हणून हा साक्षीदार शोधताना मला प्रथम खुशनवीस आणि कातिब आठवले.

अब्बासी खिलाफतीत बगदादला इब्न मुक्ला (८८६–९४०) नावाचे वजीर होऊन गेले. तीन खलिफांची वजिरी त्यांनी केली. राजकारणात त्यांचा उजवा हात तोडला गेला आणि कैदेत मृत्यू आला. पण त्यांचे नाव राहिले ते लेखनासाठी. अक्षराचे माप अक्षरातूनच काढायचे, ही शिस्त त्यांच्या नावाने ओळखली जाते. बोरूच्या टोकाने कागदावर एक तिरका चौकोनी नुक्ता उमटवायचा. अलिफची उंची अशा नुक्त्यांत मोजायची, आणि त्या अलिफच्या मापाच्या वर्तुळावर बाकीच्या अक्षरांची गोलाई बसवायची. पुढे इराणात नस्तालीक लिपी घडली. तिच्यातही हेच माप चालले. उर्दू खुशनवीस त्याला 'कत' म्हणतात. नस्तालीकचा अलिफ तीन कतांचा, हे शागीर्द पहिल्याच दिवसांत शिकतो.

उस्तादाने दिलेले मश्कचे पान पाहा. अक्षराच्या बाजूला नुक्त्यांची उतरंड लावलेली असते. ती शोभेसाठी नसते, ती मापपट्टीच असते. पान मोठे करा की लहान करा, अक्षराबरोबर नुक्तेही तेवढेच मोठे किंवा लहान होतात, आणि तीन कतांचा अलिफ तीन कतांचाच राहतो. माप वस्तूच्या शेजारीच लिहिलेले असले तर प्रमाण बिघडत नाही. माझ्या प्रश्नपत्रिकेत नेमके हेच नव्हते.

पानाच्या मापाचेही असेच होते. 'सतर' म्हणजे ओळ आणि ओळी आखायचे साधन ते 'मिस्तर'. पुठ्ठ्यावर किंवा फळीवर ठरावीक अंतराने दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवायचा आणि अंगठ्याने दाबत न्यायचे. कागदावर शाईशिवाय ओळींचे वळ उमटत. एका मिस्तरवर अख्खी पोथी आखली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळी एकसारख्या येत. मजकूर लिहून झाला की पुष्कळदा त्याभोवती सोनेरी, निळ्या, तांबड्या रेघांची चौकट काढत. तिचे नाव 'जदवल'. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ पाण्याचा लहान पाट. आज शाळेत आपण कोष्टकाला जदवल म्हणतो, पण त्यामागे मजकुराच्या चारी बाजूंनी वाहणारा हा रेघांचा पाट आहे.

शिळाछाप आली तेव्हा ही शिस्त मोडली नाही. म्हणूनच उर्दूने शिशाच्या खिळ्यांपेक्षा दगडाला जास्त जवळ केले. कातिब मसाला लावलेल्या कागदावर लिही, ते जसेच्या तसे दगडावर उतरे आणि दगडावरून कागदावर येई. मधे लहानमोठे करणारे कोणी नव्हते. कातिबाचा कत हाच वाचकाचा कत होता. १८५८ साली लखनौला सुरू झालेल्या नवलकिशोर छापखान्याची असंख्य पुस्तके याच रीतीने घरोघर पोहोचली.

युरोपात शिशाच्या खिळ्यांचा धंदा वाढला, तेव्हा तिथे वेगळी अडचण उभी राहिली. प्रत्येक ओतशाळेचे माप निराळे. एकाचे खिळे दुसऱ्याच्या चौकटीत बसत नसत. १७३७ साली पॅरिसच्या पिएर सिमों फूर्निए यांनी खिळ्यांच्या आकारांचा तक्ता प्रसिद्ध केला आणि त्यासोबत १४४ पॉइंटची, म्हणजे त्या वेळच्या दोन इंचांची, मापपट्टीच छापून दिली. गंमत अशी, की त्या काळी कागद ओला करून छापत आणि वाळला की तो आखडे. म्हणजे मोजायला दिलेली पट्टीसुद्धा कागदाबरोबर आखडणार. माझ्या वर्गातला गोंधळ तसा जुनाच म्हणायचा!

आता संगणकाकडे येऊ. अमेरिकेतले गणिती डोनाल्ड कनूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई पाहवेना, म्हणून १९७७ साली त्यांनी 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली हाती घेतली. या प्रणालीला पानावर फक्त चौकटी दिसतात. अक्षर ही एक चौकट, शब्द ही चौकट, ओळही चौकट. प्रत्येकीला तीन मापे. रुंदी, ओळीच्या वरची उंची आणि ओळीखालची खोली. इंचाचे ७२.२७ पॉइंट आणि एका पॉइंटचे पुन्हा ६५,५३६ भाग, इतके हे माप बारीक. नस्तालीक लिहिणाऱ्याला 'खोली' हा शब्द लगेच पटतो, कारण आमचे शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतात. दुसऱ्या लिपीच्या मापाने केलेल्या चौकटीत उर्दू मजकूर भरला की नुक्ते आणि अक्षरांचे तळ कापले जातात. उर्दू शाळेतल्या शिक्षकाला हे उदाहरण देऊन समजवावे लागत नाही.

चौकटीची रुंदी आणि उंची संगणकाला ठाऊकच असते. मग तिच्या कडेने मापपट्टी काढायला त्याला सांगता येते. दर मिलिमीटरला छोटी रेघ, पाचव्याला जरा मोठी, दहाव्याला सर्वांत मोठी आणि तिच्यापाशी आकडा. फक्त एक जपावे लागते, शून्य कुठे ठेवायचा. 'टेक'वर उभारलेल्या 'लाटेक' या प्रणालीत नेहमीची चौकट मजकुरापासून ३ पॉइंट दूर असते आणि तिची रेघ ०.४ पॉइंट जाड असते. शून्य बाहेरच्या कडेला धरला तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणून शून्य आतल्या मजकुराच्या कडेला हवा. दुसरे असे, की पट्टी त्याच चौकटीबरोबर आखलेली हवी. नंतर वेगळी आणून चिकटवलेली पट्टी खोटी साक्ष देईल. नकाशाच्या कोपऱ्यात काढलेली मापरेषा अशीच उपयोगी पडते. नकाशाची झेरॉक्स लहान झाली तर '१ : ५०,०००' हे आकडे खोटे पडतात, पण मापरेषा नकाशाबरोबर आखडते आणि खरी राहते.

आता मी माझ्या प्रश्नपत्रिकेत भूमितीची प्रत्येक आकृती चौकटीत घालतो आणि तिच्या खालच्या व डाव्या कडेला मापपट्टी छापतो. मुलांना सांगतो, आधी तुमची पट्टी कागदावरच्या पट्टीवर ठेवा. दोन्ही जुळल्या तर निःशंक मोजा. जुळल्या नाहीत तर कागदावरच्या पट्टीने मोजा आणि मला सांगा.

त्या मुलीने मला हेच सांगितले होते. तिच्याकडे साक्षीला कागद नव्हता, फक्त आपल्या डोळ्यांवरचा भरवसा होता. दहा वर्षांच्या मुलीने शिक्षकाच्या टेबलापर्यंत चालत यायला केवढी हिंमत लागते! बाकीची मुले ५.७ वरची फुली निमूट पाहून जागेवर बसून राहिली होती. आपल्यालाच मोजता येत नाही, असे त्यांनी मानून घेतले होते. कागदाच्या कडेची ती बारीक रेघांची पट्टी मी त्यांच्यासाठी छापतो.