काठी, रुमाल आणि एकटा माणूस

तुर्कस्तानच्या 'मेद्दाह'बद्दल वाचलं की मला आपला कीर्तनकार आठवतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ स्तुती करणारा. सुरुवातीला हे कथेकरी पैगंबर आणि हजरत अलींचं गुणगान करायचे. पुढे ते कॉफीखान्यांत आले. हातात काठी, खांद्यावर रुमाल. एकटाच सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, राज्यकर्त्यांनाही चिमटे घ्यायचा.

लोक जमून कारभारावर बोलतात हे सत्तेला कधी आवडलंय? १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने कॉफीखानेच बंद केले. तरी गोष्ट टिकली. ती थंडावली विसाव्या शतकात, कॉफीखान्यात टीव्ही आल्यावर!

२००८ पासून ही कला युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. चांगलंच झालं. पण यादीने कला जगत नाही हो, समोर ऐकणारा लागतो.

तुम्ही शेवटचं कीर्तन समोर बसून कधी ऐकलंत?