साठ मैल, घोड्यावरून

डिसेंबर १८०९. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका आडबाजूच्या वस्तीवर जेन टॉड क्रॉफर्ड नावाची ४५-४६ वर्षांची बाई अडली होती. पोट प्रचंड वाढलेलं, कळाही यायच्या, पण दिवस उलटून गेले तरी बाळंत होईना. स्थानिक डॉक्टरांनी डॅनव्हिल गावच्या एफ्राइम मॅकडॉवेलला बोलावणं धाडलं. त्याने तपासलं तर गर्भाशय रिकामं. पोटात बाळ नव्हतंच, अंडाशयाची भलीमोठी गाठ होती.

आता सांगायचं काय? मॅकडॉवेल एडिंबरोला शिकून आलेला. पोट उघडलं की माणूस गेलाच, हे तेव्हाच्या नामवंत सर्जनांचं मत त्याला पक्कं ठाऊक होतं. एवढी गाठ कुणी काढल्याचं त्याच्या ऐकिवातही नव्हतं. त्याने हे काही लपवलं नाही. धोका स्पष्ट सांगितला, आपण करू तो 'प्रयोग' असेल असंही सांगितलं. आणि अट घातली: करायचं तर डॅनव्हिलला यावं लागेल.

डॅनव्हिल साठ मैलांवर, म्हणजे जवळपास ९७ किलोमीटर. जेन घोड्यावर बसून निघाली, भर थंडीत. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर पोट टेकत होतं, घासून घासून तिथली कातडी काळीनिळी पडली. आपण ऑपरेशनच्या 'तयारी'त उपास, रक्ततपासणी, सोनोग्राफीचा रिपोर्ट मोजतो. जेनची तयारी म्हणजे हा प्रवास. वाटेत कुठेही तिला घोडा माघारी वळवता आला असता.

ऑपरेशन नाताळच्या दिवशी झालं असं मानतात. भूल नव्हती, ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून ३७ वर्षं होती. जंतुनाशकाची कल्पना त्याहून दूर. मदतीला डॉक्टरचा पुतण्या होता. नऊ इंचांचा छेद घेताच आतडी बाहेर येऊन टेबलावर पसरली आणि ऑपरेशन संपेपर्यंत आत ढकलता आली नाहीत. गाठ अखंड निघेना, म्हणून आधी फोडून पंधरा पौंड चिकट द्रव काढला, मग साडेसात पौंडांची पिशवी. एकूण दहा किलोंच्या वर. वेळ लागला सुमारे २५ मिनिटं. जेन तेवढा वेळ बायबलमधली स्तोत्रं म्हणत होती, असं सांगतात.

पाच दिवसांनी मॅकडॉवेल बघायला गेला, तर बाई उठून स्वतःचं अंथरूण आवरत होती. २५ दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे १८४२ पर्यंत जगली. मॅकडॉवेल त्याआधीच, १८३० मध्ये वारला.

पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते: पोटाच्या शस्त्रक्रियेचा जनक, धाडसी डॉक्टर. पण त्याने १८१७ मध्ये हे अनुभव छापले तेव्हा त्यात तीन केसेस होत्या. पहिली जेन. उरलेल्या दोघी कृष्णवर्णीय बाया, आणि केंटकीत तेव्हा गुलामगिरी होती. जेनचा उल्लेख 'मिसेस क्रॉफर्ड' असा आहे. या दोघी मात्र नुसत्या 'निग्रो बाई'. त्यांना धोका समजावला होता का? त्या नाही म्हणू शकल्या असत्या का? गुलामगिरीच्या कायद्यात बाईचं शरीर मालकाच्या मालमत्तेत धरलं जायचं, एवढं लक्षात घेतलं की उत्तराची फार आशा उरत नाही. जेनने जोखीम घेतली असं म्हणता येतं. या दोघींबद्दल ते म्हणायची सोय नाही.

आज अशा बऱ्याच गाठी दुर्बिणीने निघतात. काही तर नुसत्या लक्ष ठेवूनच आपोआप विरतात, ऑपरेशन लागतच नाही. लागलंच, तर आदल्या दिवशी एक संमतिपत्र पुढ्यात येतं. आपण पेन मागतो आणि न वाचता सही करतो. तेव्हा जरा थांबावं. काय काढणार, अंडाशय राहणार का, नाही केलं तर काय होईल, हे विचारून घ्यावं. डॉक्टर घाईत असले तरी विचारावं. मॅकडॉवेलनेही चाकू नंतर उचलला. आधी त्या वस्तीवर बसून बाईला सगळं सांगितलं होतं.