‘स्वीडनचे शेफील्ड’ : एस्किल्स्टूनाचे वस्तरे आणि लोखंडाचे श्रेय

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सद्गृहस्थ ज्या वस्तऱ्याने दाढी करीत असे, त्याच्या पात्यावर बहुधा ‘शेफील्ड’ हे नाव कोरलेले असे. त्या पात्यातील लोखंड मात्र पुष्कळदा इंग्लंडचे नसे. ते उत्तर समुद्र ओलांडून स्वीडनहून आलेले असे. पुढे स्वीडनमधील एस्किल्स्टूना या गावाने स्वतःचे नामांकित वस्तरे घडवले, तेव्हा त्या गावाला कौतुकाने ‘स्वीडनचे शेफील्ड’ म्हटले गेले. लोखंड ज्या देशाचे, त्यालाच गिऱ्हाइकाचे नाव चिकटावे, हा इतिहासातला एक मासलेवाईक उलटा न्याय आहे.

या कथेचा आरंभ दानेमोरा येथील खाणीत होतो. स्टॉकहोमच्या उत्तरेस उपलांड प्रांतात असलेल्या या खाणीच्या खनिजात फॉस्फरसचे प्रमाण अत्यल्प होते. लोखंडात फॉस्फरस अधिक असला की थंड धातू ठिसूळ होतो, आणि वस्तऱ्याच्या धारेसारख्या अतिसूक्ष्म कडेला तो दोष मुळीच खपत नाही. सतराव्या शतकात लिएजहून आलेला उद्योजक लुई द गीर याच्या पुढाकाराने वालून कारागीर या परिसरात स्थायिक झाले. कोळशाच्या भट्टीवर लोखंड शुद्ध करण्याची त्यांची स्वतंत्र रीत होती. तयार कांबी ओरेग्रुंड बंदरातून निघत. म्हणून इंग्रज व्यापारी त्या मालाला ‘ओरेग्राउंड्स’ म्हणत. लोव्स्ता येथील कांबीवर वर्तुळात ‘एल’ अक्षर असलेला ठसा असे, आणि शेफील्डमध्ये तो ठसा पाहून भाव ठरत असे.

शेफील्डचे कारागीर या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवीत. कार्बन आत मुरला की लोखंडाचे पोलाद होई. पृष्ठभागावर फोड येत, म्हणून त्याला ‘फोडांचे पोलाद’ असेच नाव पडले. परंतु कार्बन सर्वत्र सारखा मुरत नसे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने हेच पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव केले. घड्याळाच्या कमानीसाठी शोधलेली ही युक्ती वस्तऱ्याच्या फार उपयोगी पडली. (शेफील्डच्या चाकूवाल्यांनी प्रथम हे पोलाद नाकारले आणि हंट्समनने ते फ्रान्सला विकले, हा भाग शेफील्डच्या अभिमानकथांत जरा हळू आवाजात सांगितला जातो.)

अशा रीतीने कच्चा माल स्वीडनचा आणि कीर्ती इंग्लंडची, अशी वाटणी झाली. ही गोष्ट स्वीडिश दरबाराला कळत नव्हती, असे नाही. कांबी विकण्यापेक्षा चाकू विकावेत, हा विचार तेथे फार आधीपासून होता. स्टॉकहोमच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, दोन सरोवरांना जोडणाऱ्या नदीकाठी एस्किल्स्टूना वसलेले आहे. नदीच्या प्रवाहावर घण आणि सराणी चालवता येत. राजा दहावा कार्ल गुस्ताव याच्या काळात रीगाचा राइनहोल्ड राडेमाखर येथे आला आणि १६५८ पासून त्याचे कारखाने उभे राहू लागले. आराखडा ज्याँ द ला व्हाले या वास्तुविशारदाचा होता. योजना १२० भट्ट्यांची होती, उभ्या राहिल्या २०. राजाज्ञेने भट्टी बांधता येते. कसबी लोहार आणि गिऱ्हाईक आज्ञेने येत नाहीत.

खरा बदल १७७१ मध्ये झाला. तिसऱ्या गुस्तावच्या कारकिर्दीत नदीकाठचा एक भाग ‘मुक्त नगर’ म्हणून घोषित झाला. तेथे लोहाराला श्रेणीचे सभासदत्व न घेता व्यवसाय करता येई आणि करांतूनही सूट मिळे. उर्वरित स्वीडनमध्ये श्रेणींचे बंधन १८४६ पर्यंत टिकले, हे ध्यानात घेतल्यास या सवलतीचे मोल कळते. लहान लहान घरगुती भट्ट्यांतून चाकू, कात्र्या, कुलुपे आणि वस्तरे घडू लागले.

एकोणिसाव्या शतकात या गर्दीतून काही नावे वर आली. हेल्येस्ट्रांड घराण्याच्या वस्तऱ्यांवर ‘एम.के.’ ही अक्षरे व क्रमांक असत. आजही संग्राहक त्यांच्यामागे धावतात. जोहान एंगस्ट्रोमच्या वस्तऱ्यांची घडण निराळी होती. वस्तऱ्याची पाठ निसण्यावर टेकते आणि त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो. म्हणून पाठ जाड लागते, धार पातळ. एकसंध पोलादातून हे साधायचे तर बराच धातू घासून काढावा लागतो. एंगस्ट्रोमच्या वस्तऱ्यात पातळ पाते वेगळे आणि जाड पाठीची चौकट वेगळी असे. महागडे पोलाद हवे तेथेच वापरले जाई आणि घासण्याचे श्रमही वाचत. त्याच्या मालावरील ‘१८७४’ हा ठसा पाहून अनेक नवशिके ते निर्मितीचे वर्ष समजतात. वस्तुतः नंतर घडलेल्या वस्तूंवरही तोच आकडा आहे. १८८० मध्ये एरिक अँटन बर्ग याने सुरू केलेल्या कारखान्याचे चिन्ह शार्क मासा होते. त्याची पटाशी सुतारांना अधिक परिचित, पण त्याचे वस्तरेही होते.

या ठशांमागे एक प्रश्न लपलेला आहे. पाते घडवणारा, त्याला पाणी देणारा, सराणीवर घासणारा, मूठ बसवणारा हे बहुधा भिन्न लोक असत. ठसा एकाचाच उमटे. शेफील्डने स्वीडिश खाणीचे नाव पुसले, असे म्हणताना एस्किल्स्टूनाच्या ठशांनीही कित्येक घासणाऱ्यांची नावे पुसली, हे मान्य करावे लागते.

अखेर या कसबावर घाव पडला तो अमेरिकेतून. जिलेटने १९०३ मध्ये अवघे ५१ रेझर विकले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख घेतले. घरी परतलेला तरुण पुन्हा वस्तरा, निसणा आणि चामड्याचा पट्टा यांकडे वळला नाही. राडेमाखरच्या २० भट्ट्यांपैकी सहा आज एस्किल्स्टूनात संग्रहालय म्हणून उभ्या आहेत.

लोखंडाचा प्रवास मात्र थांबला नाही. १८५८ मध्ये योरान फ्रेड्रिक योरानसन याने बेसेमरची पद्धत स्वीडिश लोखंडावर यशस्वी करून दाखवली आणि त्यातून पुढे सांडविकेन येथील पोलाद कारखाना उभा राहिला. वस्तऱ्याला हद्दपार करणाऱ्या त्या पातळ, टाकाऊ पात्यांसाठी लागणारी पोलादी पट्टी याच सांडविकेनहून जगभरच्या कारखान्यांना जाऊ लागली. पात्याच्या वेष्टनावर नाव असते ते रेझर विकणाऱ्या कंपनीचे.