हत्तीरोग

हत्तीरोग : (हत्तीपाय). वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टाय या सूत्रकृमीमुळे होणारा लसीकावाहिन्यांचा रोग. केसासारखी बारीक, 8–10 सेंमी. लांबीची मादी शरीरात 6–8 वर्षे जगते. तिची पिल्ले, म्हणजे मायक्रोफिलारिया, रक्तात उतरतात ती बहुधा रात्री. म्हणूनच तपासणी पथक जेवणवेळ टळल्यावर दार वाजवते आणि बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेते. लोक वैतागतात, पण इलाज नाही.

प्रसार क्युलेक्स डासामार्फत. डासच वाहक, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये दाखवले. महाराष्ट्रात रोगाचा जोर विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत. नागपुरात 2019 मध्ये डीईसी (डायएथिलकार्बामाझिन), अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन या औषधांची तिहेरी मात्रा दिली गेली. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या उंची मोजून ठरवतात.

पुण्याजवळचा ताथवडे–चाकण पट्टा रोगाचे माहेर नव्हे. मात्र विदर्भ, बिहारकडून मजूर येतात आणि तुंबलेल्या गटारांत क्युलेक्स पोसतो; त्यामुळे प्रसाराचा धोका राहतो. एखाद्या डंखाने मात्र रोग जडत नाही. त्यासाठी वारंवार चावे लागतात.

गोळ्यांनी कृमींची पिल्ले मरतात, जुना सुजलेला पाय ओसरत नाही. तो रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडा ठेवावा लागतो. या रोगात होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया करतात.