गॅस ‘संपतो’ म्हणजे जातो कुठे?

भंडारदऱ्यात आज पर्यटक एसीची खोली मागतात. इथलं धरण 1926 साली पूर्ण झालं, तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली की जिवावर बेतायचं.

1928 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी उपाय शोधला: विषारी नसलेला, न पेटणारा सीएफसी. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की हाच वायू वर जाऊन ओझोनचा थर विरळ करतो. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला. दम्याच्या पंपासारखे अपवाद सोडता 2010 पासून आपल्याकडे सीएफसी बंद झाला.

मग आर-22 चाललं. ते ओझोनला कमी घातक, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट तापवणारं. त्यानंतरचे एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, मात्र पृथ्वी तापवतात. म्हणून 2016 चा किगाली करार. 2012 मध्ये गोदरेजने प्रोपेनवरचा एसी आणला. प्रोपेन फारसा तापवत नाही, पण पेटतो.

प्रत्येक उपायाने नवा प्रश्न आणला, आणि नियम मागून आले. त्यामुळे मला ‘गॅस संपलाय, भरून देतो’ हे वाक्य खटकतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळाला. गळती न बुजवता भरलेला गॅसही हवेतच जाणार. पुढच्या वेळी मेकॅनिकला आधी विचारा, ‘दादा, गळतंय कुठे?’