मऊ ब्रेकचा इतिहास

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वडिलोपार्जित आहेत. एक संधिवात आणि दुसरी मोटार. वडिलांनी १९७६ साली ती घेतली तेव्हा आळीतली मुलं तिला हात लावून बघायला यायची. आता तीच मुलं आजोबा होऊन तिच्यामागे हॉर्न वाजवत असतात. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष सर्वस्वी माझा होता.

दिवाळीत वरंधा घाटाने कोकणात उतरायचं ठरलं होतं. त्याआधी पंधरा दिवस ब्रेक मऊ लागत होता. पॅडलवर पाय ठेवला की लादीपावावर पाय दिल्यासारखं वाटे. मात्र लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की ब्रेक कडक! मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, दोन हाका मारल्याशिवाय ओ देत नाही, एवढंच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या उतारावर मी पहिली हाक मारली. दुसरी मारायच्या आत गाडीने फाटकाजवळचं रखवालदाराचं स्टूल आडवं केलं. रखवालदार नुकताच चहा आणायला उठला होता. स्टुलावर त्याची टोपी तेवढी होती. बायको काहीच बोलली नाही. आमच्याकडे हा सगळ्यात गंभीर इशारा समजतात.

मिस्त्री सकाळी येणार होता आणि मला झोप येईना. अशा वेळी इतर माणसं रामरक्षा म्हणतात. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला सनावळ्या आठवतात. रात्रभर ब्रेकचा इतिहास वाचत बसलो.

या कथेचे मूळपुरुष फ्रान्सचे ब्लेझ पास्कल. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे त्यांनी सांगितलं. ते वारले १६६२ साली आणि त्यांचा ग्रंथ छापून आला १६६३ साली. गंमत म्हणजे, त्याच १६६२ मध्ये त्यांच्याच कल्पनेतून पॅरिसच्या रस्त्यांवर भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे चाकंही त्यांची आणि ब्रेकचं तत्त्वही त्यांचंच. पण दोघांची गाठ पडायला अडीचशे वर्षं जावी लागली. आपल्याकडे पत्रिका जुळायला उशीर होतो म्हणून उगाच ओरड करतात!

मधल्या काळात मोटार आली. तिचे ब्रेक सळ्यांनी नाहीतर तारांनी ओढायचे आणि बऱ्याच गाड्यांत ते फक्त मागच्या चाकांना. चारी चाकांना लावावेत, तर चारी तारा सारख्या ताणणं महाकठीण. एक चाक आधी थांबे, दुसरं मागाहून आणि गाडी वाकडी होऊन भलत्याच दिशेला तोंड करी.

यावर तोड काढली माल्कम लॉकहीड या अमेरिकनाने. १९१७ साली त्याला तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट मिळालं. त्याचा भाऊ ॲलन विमानं बनवायचा. एका भावाने जगाला उडवायचं आणि दुसऱ्याने थांबवायचं, अशी ती वाटणी. या ब्रेकमधलं तेल म्हणजे एकत्र कुटुंबातली आजी. चारी नातवंडांच्या हातावर लाडू अगदी सारखा!

१९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीने असे ब्रेक चारी चाकांना लावून गाडी विकायला काढली. त्याच वर्षी जिमी मर्फीने तसल्याच ब्रेकच्या ड्यूसेनबर्ग गाडीतून फ्रान्सची ग्राँ प्री शर्यत जिंकली. शर्यत जिंकायला नीट थांबताही यावं लागतं, हे लोकांना तेव्हा कळलं. १९२४ साली क्रायस्लरने हे ब्रेक मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या गाडीत आणले. फोर्ड मात्र सळ्यांना चिकटून राहिले, ते थेट १९३९ च्या मॉडेलपर्यंत. पुढे बरीच वर्षं या ब्रेकच्या तेलात एरंडेल आणि अल्कोहोल असे. एरंडेलाने थांबणारी वस्तू जगात ही एकच असावी.

सकाळी मिस्त्री आला. पास्कलचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं, पण तत्त्व पायात होतं. त्याने पॅडल दाबून पाहिलं. "साहेब, तेल दबत नाही, हवा दबते. मऊ लागतंय म्हणजे आत हवा शिरलीय. दोन-चारदा मारल्यावर कडक होतंय ना? मग हवा, नाहीतर शू लांब राहिलेत. नुसता पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसलं असतं, तर गळती, नाहीतर मास्टर सिलेंडरचं रबर गेलेलं." मग त्याने तेलाची डबी उघडली. तेल अर्ध्याखाली गेलेलं आणि चहाच्या रंगाचं. मागचं डावं चाक उतरवलं, तर ड्रमच्या आत ओल. त्या चाकाच्या सिलेंडरमधलं रबर झिजलं होतं. तेल थेंब थेंब बाहेर जात होतं आणि हवा आत येत होती.

"तेल कधी बदललं होतं?"

"तेही बदलायचं असतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत पानिपत कर्नाटकात दाखवणाऱ्या मुलाकडे मी तसाच पाहत असे. आजचं ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, हे त्याने मला समजावलं. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. मग पॅडल थेट तळाला. वर आमच्या गाडीत चारी चाकांना तेलाची वाट एकच. एका चाकाची गळती ती चौघांची. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या झाल्या, पण ती बातमी आमच्या गाडीपर्यंत पोचलीच नाही.

चारी चाकांची रबरं बदलली, तेल नवं भरलं. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात. मी पॅडल दाबायचं, मिस्त्रीने निप्पल सोडायचा. बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येत होते. एकेक बुडबुडा मी पाहत होतो आणि मागच्या सीटवर बसणार होती ती नात आठवत होती.

साम्राज्यंही अशीच पडतात, असं आता मला वाटतं. पॅडल आधीपासून मऊ लागत असतं. दरबारी म्हणतात, दोनदा दाबा, होतंय कडक.

आम्ही दोन दिवस उशिरा कोकणात पोचलो. रखवालदाराला नवं स्टूल घेऊन दिलं. ते तो आता फाटकाच्या खांबाआड ठेवतो. ब्रेक पहिल्याच दाबाला लागतो, हे मी त्याला दोनदा सांगून पाहिलं. पण इतिहास त्याच्या बाजूने आहे.